चाळीस गळ्यांतली सिंफनी

पोग्रादेत्स गावात सगळे सांगत की वाद्यवृंदाचे मायस्त्रो थिम्यो काराफिलींनी आपली सिंफनी स्वतःच चुलीत घातली आणि त्याच जाळावर पापुद्र्यांचा, चीज भरलेला ब्यूरेक भाजला. साफ खोटं! कागद नेले ते पक्षाच्या समितीच्या दोन माणसांनी. ‘या सुरांतलं दुःख परदेशी आहे,’ असा शेरा मारून त्यांनी थिम्योंना सात वर्षं क्रोमच्या खाणीत धाडलं.

तिथे कागद-पेन्सिल बंद. पण त्या मुलखातले पुरुष जमले की गाणारच. एकाने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी खालचा सूर धरून ठेवायचा. थिम्योंनी खाणीवरच्या चाळीस जणांना एकेका वाद्याची ओळ तोंडी शिकवली. सुटी ओळ कोण ओळखणार? पक्षाची राजवट कोसळल्यावर टेपरेकॉर्डर घेऊन ते गावोगाव हिंडले. चाळीसपैकी एकोणचाळीस ओळी मिळाल्या. व्हायोलाची राहिली, आणि प्रयोग शनिवारवर आलेला.

तालमीच्या सुट्टीत सोळा वर्षांची दाफिना, दुसऱ्या रांगेतली व्हायोलिनवाली, मायस्त्रोंचीच नक्कल करत होती. तीच धाप, तोच खरखरीत आवाज: “व्हायोला! मेलात की काय?” हसणारे एकदम वाद्यं लावू लागले. मायस्त्रो मागेच उभे होते.

“धाप छान जमलीय,” ते म्हणाले.

दाफिनाने सावरलं. “मायस्त्रो, ती ओळ नवीन लिहून टाका ना!”

“ती आजच्या म्हाताऱ्याची होईल. मला तेव्हाची हवी. तुझ्या सोतिर आजोबांकडे आहे. पाच वर्षं तुमच्या दारावरून परत फिरतोय.”

“आमचे आजोबा? ते रेल्वेत होते! लग्नातसुद्धा तोंड उघडत नाहीत. लावा पैज!”

“हरलीस तर महिनाभर नकला बंद. मी हरलो तर शनिवारी कार्यक्रम नाही.”

दोघं घरी पोचली तेव्हा आजोबा द्राक्षाच्या वेलाखाली कॉफी पीत होते. मायस्त्रोंना पाहताच ते उठले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले. दाफिनाला हसू फुटणार होतं, तेवढ्यात मायस्त्रो म्हणाले, “बस रे, सोतिर. आता बंदूक नाही तुझ्या खांद्यावर.”

“बंदूक?”

“रेल्वे नव्हती ती, पोरी.” आजोबांनी मान खाली घातली. “खाणीवर पहारेकरी होतो मी. यांच्यावरच.”

दाफिनाने वळून मायस्त्रोंकडे पाहिलं.

“रोज सकाळी बराकीपासून खाणीपर्यंत मी पुढे, हा मागे,” मायस्त्रो म्हणाले. “पहारेकऱ्यावर कोण संशय घेतो? म्हणून व्हायोलाची ओळ वाटेत याला शिकवली.”

“आणि मी कधी गायलो नाही,” आजोबा म्हणाले. “ गायलो असतो तर कुठे शिकलो हेही सांगावं लागलं असतं.”

मायस्त्रोंनी हलकेच चेलोची ओळ गुणगुणायला घेतली. चार मात्रा गेल्या. आजोबांच्या छातीतून एक जाड, गडद सूर निघाला. पुढचा, त्याच्या पुढचा. कुठे अडखळणं नाही. आत आजीच्या हातून काहीतरी पडून फुटलं.

मायस्त्रोंची पेन्सिल भराभर चालत होती. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ते थांबले नाहीत.

“हरलीस,” ते मान वर न करता म्हणाले. “एक महिना.”

“हो,” दाफिना म्हणाली.