मैत्रेयीचं जुनं माप

मी बेबीताई. दिग्रसच्या बसस्टँडमागं माही शिलाई मशीन आहे, अन् दुसऱ्याच्या घरात डोकवाची खोड मले जन्माची. लपवत नाही मी.

मैत्रेयी आमच्या गल्लीतली सून, यवतमाळच्या बसवर कंडक्टर. आवाज असा, का ‘पुढं सरका’ म्हटलं तर ड्रायव्हरही सरकत असन! तिचा खाकी ड्रेस मीच शिवतो. बाळंतपण झालं, रजा संपत आली, तसा तिचा नवरा संघदीप नवं कापड अन् मापाले जुना ड्रेस घेऊन आला.

म्हटलं, “भाऊ, लेकरू झालं आता. अंग बदलते. तिलेच आण ना मापाले.”

“येतच नाही म्हणते ताई. हेच माप पाहिजे तिले.”

दिला शिवून. आठवड्यानं गडी पुन्हा हजर. कापड दुसरं, माप तेच.

आता बाप्पा माह्या डोक्यात किडा शिरला. कपडा तंग झाला तर बाई दुकानात येऊन माही हजेरी घेते. हे काहून गप्प? अन् पुन्हा तेच माप कायले? दुकान बंद केलं, टेप गळ्यात तसाच, निघाली.

दारात तिची सासू मथुराबाई तांदूळ निवडत होती. “जय भीम मावशी, मैत्रेयी कुठं आहे?”

“असन आत. खाऊन खाऊन पिंप झाली नुसती!” मावशी हसली. आत सारं ऐकू जात होतं.

आत पाहतो तं आरशावर टॉवेल टाकलेला. मैत्रेयी नवऱ्याच्या ढगळ्या शर्टात भिंतीले टेकून, लेकरू बाजूले झोपलेलं. मी टेप काढला तशी मैत्रेयी मागं सरकली.

“नका मोजू ताई. पहिला ड्रेस चढलाच नाही, म्हणून दुसरा शिवाले लावला. जुन्या मापात मावली तरच ड्यूटीवर जाईन. नाही तं नोकरी सोडून देतो.”

“काहून वं? अख्ख्या बसले दम देणारी तू!”

“हे अंग माहं वाटतच नाही. लोकं पाहतीन, हसतीन. लेकरू रडलं तं वाटते, दुसऱ्याचं आहे. कधी वाटते, कुठं तरी निघून जावं अन् परत येऊच नये.”

टेप गुंडाळून ठेवला. हे माह्या हातचं काम नव्हतं.

बाहेर येऊन मावशीवर भडकलीच मी. “तिले दवाखान्यात न्या. अंग नाही, मन दुखून राह्यलं तिचं. अन् ते पिंप-बिंप आजपासून बंद!”

“बाळंतपणात साऱ्याच रडतात,” मावशी म्हणे. पण हात तांदळात तसाच राह्यला. मंग खाली पाहतच बोलली, “संघदीप झाला तवा मी रोज विहिरीच्या काठावर जाऊन बसे. मले कोणं इचारलंच नाही.”



मावशी उठली, आत गेली. सुनेच्या समोर खाली बसून हळूच म्हणे, “तू तं नाही ना गेली वं विहिरीकडं?”

मैत्रेयीनं सासूच्या मांडीवर डोकं टाकलं अन् हंबरडा फोडला. मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत राह्यली. मंग लेकरू कडेवर घेतलं, अन् दारातूनच ऑटोवाल्याले हाक मारली, “दवाखान्यात घे रे. सावकाश चालव, माह्या पोरीले बरं नाही.”