नाक जरा खाली

बॅलन्सकाकांकडे जेवायला गेलं, की वाढलेलं ताट लगेच आपल्या पुढ्यात येत नसे. काका ते आधी स्वतः घेत, दोन बोटांवर उचलून धरत आणि डोळे बारीक करून बघत. मग स्वयंपाकघराकडे हाक जायची, "अगं, भाजीची बाजू जड झालीय. चटणी वाढ थोडी." काकू आतून ओरडायच्या, "माणसं जेवायला बोलावलीत की तोलायला?" नवीन पाहुणा यात अवघडून जायचा. आम्ही शेजारी मात्र निवांत असायचो. या भांडणात चमचाभर चटणी जास्त मिळायची, आणि काकूंची चटणी भांडण ऐकून घेण्याच्या लायकीची होती.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं. माझं दार त्यांच्या दारासमोर. काकांची सगळी नोकरी तुर्भ्याला पंख्यांच्या कारखान्यात झाली. तिथे पाती जुळवायच्या विभागाचे ते प्रमुख होते. तिन्ही पाती सारख्या वजनाची नसली की पंखा डुलतो. तो डुलू नये, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. कुणाच्याही घरी गेले की काका आधी छताकडे बघत. एकदा आमच्या वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. गुरुजी कथा सांगत होते, सगळे हात जोडून बसले होते, आणि काका माझ्या कानात म्हणाले, "डावीकडचं पातं जड आहे. गुरुजींना जरा सरकून बसायला सांग."

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतात. काकांनी विमान करायला घेतलं. हातातल्या रिमोटवर उडणारं, हवेत कोलांट्या मारणारं, पेट्रोलच्या इंजिनाचं विमान. खेळणं म्हटलं की ते दुखावायचे. धड काकूंपेक्षा लांब, आणि दोन्ही पंख लावले की हॉलमधून स्वयंपाकघरात जायला ओणवं व्हावं लागे. काकू संध्याकाळची मालिका डाव्या पंखाखाली बसून बघायच्या. पंखांवर जो रंगीत कागद चढवतात तो गरम इस्त्री फिरवून ताणायचा असतो. घरात इस्त्री एकच. काकूंच्या पांढऱ्या साडीवर विमानाचा लालभडक पट्टा उमटला, तेव्हा काका म्हणाले, "छान दिसतोय. मॅचिंग झालं." त्यानंतर दोन दिवस ते आमच्याकडे जेवले.

जुळवणी म्हणजे नुसते स्क्रू पिळणं नव्हे, हे मला त्यांच्याकडे कळलं. शेपटीची आणि पंखांची फळकुटं हलवायला आत छोट्या मोटारी असतात. त्यातली एक शेपटीच्या टोकाशी, झाकणाखाली. प्रत्येक मोटारीची सळई काका मोतीबिंदूच्या डॉक्टरसारखे वाकून बसवायचे. पण खरा सोहळा शेवटी असायचा, तो तोल बघण्याचा. प्रत्येक पंखाखाली एक ठरलेली जागा असते. तिथे बोटं लावून विमान उचललं की ते ना पुढे कलंडायला हवं ना मागे. ती जागा न बघता सापडावी म्हणून काकांनी तिथे काकूंच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. एका टिकलीखाली त्यांची बोटं, दुसरीखाली माझी. "उचल," म्हटलं की मी श्वास रोखून उचलायचो. विमान तरंगायचं आणि त्याचं नाक अगदी कळेल न कळेल इतकं खाली झुकायचं. काका समाधानाने म्हणायचे, "असं. नाक जरा खाली."

नाक जड असलं तर विमान कुरकुरत का होईना घरी येतं, शेपटी जड झाली तर ते कुणाचंच ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा नियम ते माणसांनाही लावायचे. मला बढती मिळाली तेव्हा त्यांनी पेढा घेतला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अभिनंदन. आता नाक जरा खाली." सोसायटीचे चेअरमन सभेत तावातावाने बोलायला लागले की काका मागच्या खुर्चीवरून नुसता एक हात आडवा धरून बोटं किंचित खाली करायचे. सगळी सभा खदखदायची. चेअरमनना शेवटपर्यंत कळलं नाही की लोक का हसतात.

तोलासाठी लागणारं शिसं ते तळवलीहून आणायचे. तिथले बाळाराम भोईर त्यांचे कारखान्यातले जुने सोबती. त्यांच्याकडे मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं असत. काका मूठभर वजनं मागायचे आणि बाळाराम दर वेळी म्हणायचे, "काका, शिसां नेता तां नेता, पन म्हावरा कंदी आनता?" काका सांगायचे, "मासळी कुठली आणू, माझं जाळं आकाशात टाकलंय." यावर बाळारामांचा चेहरा असा व्हायचा की, हा माणूस नोकरीत बरा होता.

पहिलं विमान त्यांनी पहिल्याच दिवशी झाडात घातलं होतं. काकूंचं निदान तयार होतं. "दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली ना, 'अगंबाई, केवढं मोठं!' म्हणून. दृष्ट लागली." दुसरं विमान तयार झालं तेव्हा काकू लिंबू-मिरची घेऊनच आल्या आणि शेपटीला बांधायला लागल्या. काका किंचाळले. शेपटीला सुतळी बांधली तरी तोल जातो, तिथल्या एका ग्रॅमसाठी नाकात तीन-चार ग्रॅम भरावे लागतात, असं त्यांनी वाटीत चमचा उभा करून, आडवा करून समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. लटकवणार नाही." एवढ्या चटकन त्या कधीच ऐकत नसत. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

आमच्याकडे खरा विमानतळ आला आणि काकांच्या विमानाची जवळची मैदानं गेली. मग दर रविवारी पहाटे पंख वेगळे, धड वेगळं करून टेम्पोत घालायचं आणि कर्जतच्या पलीकडे काकांच्या एका मित्राच्या माळावर जायचं, असं सुरू झालं. तिथे काका वेगळेच दिसायचे. एरवी जिना चढताना कठडा धरणारा हा माणूस विमानाला सरळ वर चढवायचा, इंजिनाच्या जोरावर हवेत उभंच्या उभं लटकवायचा, मग गिरक्या घेत खाली आणून गवताच्या टोकांवरून न्यायचा. ओठ दाताखाली, आणि डोळ्यांत शाळा बुडवल्याचा आनंद.

आणि मग ते विचित्र प्रकरण सुरू झालं. शनिवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये तोल बघायचो. एकदम बरोबर. रविवारी माळावर पंख जोडून पुन्हा उचलायचो, तर शेपटी जड! काका नाकात शिसं भरायचे. पुढच्या शनिवारी घरी बघावं, तर नाक जड. शिसं काढायचं. रविवारी पुन्हा शेपटी जड. बरं, दर रविवारी सारखीच जड असती तरी चाललं असतं. एका रविवारी खूप, एका रविवारी थोडी.

काकांनी आधी कर्जतच्या हवेला दोष दिला. मग टेम्पोच्या हिसक्यांना. मग माझ्यावर संशय आला. त्यांनी माझी अंगठी काढायला लावली, नखं कापायला लावली, आणि एका रविवारी विचारलं, "काल रात्री जड काही खाल्लं होतंस का?" मी म्हटलं, "काका, तोल विमानाचा बघतोय, माझा नाही." इंजिन उघडून झालं, बॅटरी बदलून झाली. हसण्यासारखं होतं तोवर मी पोटभर हसून घेतलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी विमान उचलून काका तसेच उभे राहिले. शेपटी खाली गेली होती. त्यांनी शिसं मागितलं नाही. विमान हळूच खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले. "चल, घरी जाऊ."

"उडवायचं नाही?"

"माझी बोटं खोटं बोलायला लागलीत रे," ते म्हणाले. "वय झालं की बोटं आधी जातात. कारखान्यात बघितलंय मी. असल्या बोटांनी एवढं मोठं विमान उडवलं तर कुणाच्या तरी डोक्यात जाईल."

टेम्पोत ते बोटांची उघडमीट करत बसले. आयुष्यभर ज्या बोटांच्या जोरावर हा माणूस ताठ चालला, त्यांच्याकडेच तो परक्यासारखा बघत होता. मला फार वाईट वाटलं. घरी आल्या आल्या त्यांनी पुण्याच्या एका हौशी माणसाला फोन लावला आणि विमान विकायचंय म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि म्हणाले, "चला, हॉल मोकळा झाला तुझा."

गेली तीन वर्षं हॉल मोकळा करा म्हणून जीव खाणाऱ्या काकू हे ऐकून जागच्या जागी थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांच्या बोटांकडे बघितलं. मग शिवणयंत्राच्या खणातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, जमिनीवर बसल्या आणि सराईतपणे विमानाच्या शेपटीचे चार स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत हात घालून कापसात गुंडाळलेलं, मोटारीशेजारी पक्कं दडपून बसवलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं.

पिवळंधमक लिंबू.

"तुमची बोटं खरंच बोलतात," काकू म्हणाल्या. "खोटं हे बोलतंय. दर शनिवारी तुम्ही मारुतीला गेलात की मी बदलते. लटकवणार नाही म्हणाले होते, लटकवलं नाही."

शनिवारी सकाळी आत आठवडाभर सुकलेलं लिंबू असायचं आणि रविवारी ताजं. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता स्फोट होणार, म्हणून मी चपला शोधायला लागलो. काकांनी लिंबू तळहातावर घेतलं, दोनदा वरखाली केलं आणि विचारलं, "गेल्या रविवारी याच्याहून मोठं होतं?"

"हो. चांगली मिळाली होती."

"आणि त्याच्या आधी अगदी बारकं?"

"महाग झाली होती. बारकंच घेतलं."

"आणि होळीनंतर एकदा काहीच फरक पडला नव्हता!"

काकू गडबडल्या. "त्या शनिवारी बहिणीकडे गेले होते मी."

काका उठले, दार उघडून जिन्यात आले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "माझी बोटं बरोबर होती!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई घाबरून बाहेर आल्या. पुण्याच्या माणसाला त्याच मिनिटाला फोन गेला.

मग तह झाला. लिंबू राहील, असं काकू म्हणाल्या. राहील, पण दर आठवड्याला एकाच वजनाचं आणि तोल बघण्याच्या आधी, असं काका म्हणाले. त्यानंतर शनिवारची लिंबूखरेदी बघण्यासारखी झाली. काकू भाजीवाल्याची टोपली उपसायच्या, एकेक लिंबू तळहातावर झुलवायच्या. तो वैतागायचा, "मावशी, टेन्शन काय घेता, सगळी सेम आहेत." काकू म्हणायच्या, "जाड सालीचं वजनाला फसवतं. पातळ बघ." थोड्याच दिवसांत काकांच्या वजनकाट्याची गरज उरली नाही. काका कौतुकाने सांगायचे, "हिला कारखान्यात घ्यायला हवं होतं." आणि काकूंनी मान वर केली की बोटं खाली करून दाखवायचे, नाक जरा खाली.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. आजार लांबला नाही, पण त्या काळात विमानाकडे कुणी बघितलं नाही. नंतरही ते पंख उतरवलेलं, चादर घातलेलं तसंच पडून होतं. खांदेश्वरहून काकांची मुलगी यायची, स्वयंपाक करून जायची. काका समोर आलेलं ताट तसंच जेवायचे. उचलून बघायचे नाहीत.

हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "येतोस का जरा? दुसरं बोट पाहिजे."

आम्ही पंख जोडले. काकांनी शिवणयंत्राच्या खणातून तो स्क्रूड्रायव्हर आणला, शेपटीचं झाकण काढलं. आतलं लिंबू सुकून सुपारीएवढं, तपकिरी झालं होतं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. टिकल्या जागच्या जागी होत्या. आम्ही उचललं. नाक चांगलंच खाली गेलं.

"काका, बॅटरी थोडी मागे घेतली तर होईल ना बरोबर?" मी विचारलं. एवढं मलाही आता कळत होतं.

काकांनी खिडकीतून खाली बघितलं. "भाजीवाला आला असेल," ते म्हणाले. "एक लिंबू घेऊन ये."

मी धावत गेलो, टोपलीतलं चांगलं दिसणारं लिंबू उचललं आणि आणून दिलं. काकांनी ते तळहातावर घेतलं, वरखाली झुलवलं, बोटांनी दाबून बघितलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"साल जाड आहे," ते म्हणाले. "हे तिने घेतलं नसतं. बदलून आण."