कोन्सोर्सियाच्या नावावरची नारळबाग

कोन्सोर्सिया माग्बानुआला अख्ख्या गावात कुणी गोड बाई म्हणत नाही. तिला त्याचं सुखदुःखही नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, अजून पहाटे उठून नारळ सोलायला बसते आणि सोलता सोलता जगाची सालं काढते. तिच्या तोंडाला लागायची हिंमत पाद्रीही करत नाहीत.

तिचा धाकटा भाऊ टिओफिलो मात्र करायचा. का नाही करणार? तो अमेरिकन झाला होता ना! तिकडे लोक त्याला टेड म्हणत. दर नाताळाला एक मोठं खोकं पाठवायचा, त्यात साबण, डबाबंद मांस आणि स्वतःचे फोटो. आई गेली तेव्हाही खोकंच आलं. स्वतः आला नाही.

तो आला तो थेट सदतीस वर्षांनी. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाप रे, काय हा उकाडा! माणसं राहतात तरी कशी इथे?" जसा काही हा बर्फात जन्मला होता. कोन्सोर्सियाने रीतीप्रमाणे हात पुढे केला. आमच्याकडे लहानाने मोठ्याचा हात घेऊन कपाळाला लावायचा असतो, आणि हिने तर त्याला खांद्यावर वाढवलेला. टेडसाहेबांनी तो हात धरून खसाखसा हलवला.

"कशी आहेस, मानांग?"

"जिवंत आहे," मानांग म्हणाली, म्हणजे थोरली बहीण. मनात म्हणाली, शिंगं फुटलीत याला.

तो आला होता जमिनीसाठी. बाप ज्या चार हेक्टर नारळबागेत जन्मभर वाटेकरी म्हणून राबला, बापामागे कोन्सोर्सिया राबली, जिच्यात तिचं बांबूचं घर उभं आहे, ती बाग मनिलातला मालकाचा नातू विकायला निघाला होता. विकायची तर सगळी, तुकडे नाहीत. दुसऱ्या कुणी घेतली असती तर म्हातारीला गाशा गुंडाळावा लागला असता. एवढ्यासाठीच तिने भावाला कळवलं होतं. नाहीतर तिने त्याला बोलावलं नसतं.

"मी घेतो ना!" टेड म्हणाला. "समोर समुद्र, वर मोठं घर, पोहायचा तलाव. तुला मागे एक खोली बांधून देतो. पाहुण्यांचं खाणंपिणं बघ."

म्हणजे स्वतःच्याच परसात मोलकरीण. कोन्सोर्सिया गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी दोघं शहरात वकीलबाई गुंबान यांच्याकडे गेली. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुम्ही इथे जन्मलात पण आता परदेशी नागरिक आहात. कायदा तुम्हाला राहत्या घरासाठी गावाकडे एक हेक्टर घेऊ देतो, धंदा करणार असाल तर तीनपर्यंत. चार नाही."

"मग?"

"मग सोपं आहे. जुनं नागरिकत्व परत घ्या. अर्ज, जन्माचा दाखला, हात वर करून शपथ. अमेरिकन पासपोर्टही राहतो. मग हवी तेवढी घ्या."

टेडचं तोंड कडू झालं. "परत फिलिपिनो होऊ? त्यातून सुटायला मी काय काय केलंय, माहितेय? माझे तिकडचे मित्र हसतील."

हसतील म्हणे! तिकडे हा म्हाताऱ्यांचे बेडपॅन उचलून मोठा झाला. त्यात लाज नव्हती, कष्टाची भाकर होती. लाज होती ती एवढीच, की तो इथला आहे.

"त्यापेक्षा मानांगच्या नावावर करतो," तो म्हणाला. "नावापुरतं. बाजूला एक कागद करू, की खरा मालक मी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तसला कागद मी करत नाही. तो कायद्याला फसवणं आहे, आणि कोर्टात त्याची कवडीचीही किंमत नाही."

"राहू दे कागद. मानांग कुठे पळणारेय? तिला सही करता येते हेच खूप."

आता कोन्सोर्सिया बोलली, त्याला लहानपणच्या नावाने हाक मारून. "पिलो, नीट ऐक. वकीलबाई साक्षीला आहेत. कागदावर ज्याचं नाव, त्याची जमीन. माझ्या नावावर केलीस तर ती माझी. मी आत्ता तोंडावर सांगते, उद्या गळा काढू नकोस."

टेड पोट धरधरून हसला. "बघा, वकीलबाई, काय विनोदी आहे!"

हसत हसतच त्याने जमीन बहिणीच्या नावावर केली. अमेरिका माणसाला बरंच काही शिकवते, पण डोकं आपलं आपल्यालाच न्यावं लागतं.

वर्षभराने साहेब परत आले, बरोबर मोजणीदार आणि तलावाचा नकाशा. मोजणीदाराने पहिली खुंटी ठोकली ती आईने लावलेल्या माडांच्या रांगेत. कोन्सोर्सियाने ती उपटून चुलीत घातली.

"कुणाला विचारून खुंट्या मारताय?"

"मानांग, पुरे झाली चेष्टा. पैसे माझे आहेत!"

"असतील. राबणं माझं आहे, आणि नावही माझं. मी सांगितलं होतं की नाही?"

टेडच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक वकीलबाईंकडे गेला. त्यांनी हात झटकले. "कोर्टात काय सांगणार? कायद्याला चकवायला बहिणीचं नाव पुढे केलं, असं? आधी तुमचीच उलटतपासणी होईल."

संध्याकाळी तो पडेल चेहऱ्याने परत आला. सुकी मासळी, भात, व्हिनेगर असं ताट तिने पुढे सरकवलं. जेवण झाल्यावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला.

"मी काही चोर नाही. रस्त्याकडेची एक हेक्टर घे, तुझ्या स्वतःच्या नावावर, घरासाठी. कायदा तेवढी देतो, मीही तेवढीच देते. आईचे माड आणि बाकी सगळं माझं. पण त्या एकीसाठीसुद्धा तू इथला आहेस हे दाखवावं लागतं." तिने एक पिवळा पडलेला कागद काढला. त्याचा जन्माचा दाखला.

टेडने वाचला. नोंद सात वर्षं उशिराची होती, शाळेत घालायच्या वेळची. खाली लिहिलं होतं: जन्माची खबर देणारी, कोन्सोर्सिया माग्बानुआ, वय वीस, बहीण.

"बाप दारू पिऊन पडला होता, आई तापाने," ती म्हणाली. "मी तुला पाठीवर घेऊन कचेरीत गेले. चिखलातून. आणि तू त्यातून सुटायला बघत होतास."

तो मान खाली घालून बसला. एकसष्ट वर्षांचा बाप्या, शाळेतल्या पोरासारखा.

कोन्सोर्सियाने दाखला परत घडी घालून मुठीत धरला आणि दुसरा हात त्याच्यापुढे केला.

या वेळी त्याने तो हलवला नाही.