सिलोनचा उसना गडी

मंडळी, आज निघालो होतो नोकरीच्या अर्जासाठी, पोचलो सिकंदराबादच्या मैदानावर! सिलोनचा हौशी रग्बी संघ आला होता. त्यांचा एक गडी तापाने आडवा, आणि बघ्यांत धिप्पाड मीच, म्हणून त्यांनी मलाच उतरवलं.

समोर छावणीच्या संघाचा तोच गोरा कप्तान! गेल्या साली याच मैदानावरून त्याने मला छडीने हाकललं होतं.

तीनदा लोळवला त्याला. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्याकडे नव्हताच. चेंडू नसलेल्याला पाडलं म्हणून पंचाने छावणीला पेनल्टी दिली आणि सिलोन तेवढ्या गुणांवरच हरलं.

दोस्त नरसिंग ओरडला, “क्या मियाँ, बॉल उधर, तुम किधर?”

सिलोनचे कप्तान पेशाने मास्तर. त्यांनी जर्सी परत घेतली.

संध्याकाळी त्यांची गाडी आहे. माफी मागायला स्टेशनावर जाईन म्हणतो. पण निरोप द्यायला तो गोराही आला, तर माझे हात आवरतील का?