अठ्ठावीस हात चिंच
पेटीत आज चिंच तोडायच्या परवानगीचा पिवळा कागद सापडला. सत्तरच्या दशकात धावड्यातल्या आमच्या अंगणातली जुनी, पोखरलेली चिंच स्वयंपाकाच्या छपराकडे कलली होती. पण परवानगीशिवाय तिला कुऱ्हाड लावता येत नव्हती. "अर्ज भोकरदनला गेलाय, जल्दी होणार न्हाई," तलाठी म्हणाले. "झाड हलंना, मंग चूलच हलवा की!" बायको चिडली. मी सावलीवरून झाडाची उंची काढली, अठ्ठावीस हात, आणि चूल बुंध्यापासून तीस हातांवर नेली. एका सकाळी बायको भाकरी थापत असताना चिंच कोसळली. शेंडा तिच्यापासून दोन हातांवर पडला. आंबट पाल्याचा वास सुटला. मी लगेच दोरीनं झाड मोजलं, बराबर अठ्ठावीस भरलं. पिठाच्या हातानं ती ओरडली, "आधी मला तर विचारा, लागलं का म्हणून!" परवानगी महिन्यानं आली. विचारायचं मात्र आजवर राहूनच गेलंय.