पांढरं नाव

आमच्या किनवटच्या निवासी शाळेतल्या संगणकाच्या बाई संगणक अडला, की पडद्याला उलटा हात लावतात, लेकराचा ताप बघावा तसा. "काय होऊन राहिलं रे बाळा?"

मुलांनी आपापल्या नावांसाठी हवे ते रंग सांगितले होते. अक्षरं रंगवायच्या सॉफ्टवेअरमधून बाई ती नावं शाळेच्या वेबसाइटवर टाकत होत्या. एका मुलीचं नाव काही केल्या दिसेना. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. मग बाई एकदम माझ्याकडे बघून हसल्या.

"सर, तिनं कापसाचा रंग मागितलाय. पांढऱ्या पानावर कसा दिसंल?"

"मग लाल करा की," मी म्हणालो.

"न्हाई. रंग तिचा हाय."

त्यांनी अख्खं पानच काळं केलं, आणि काळ्या रानात बोंड फुटावं तसं ते नाव पडद्यावर आलं.