दांडीवरचं माप

नाहूरला जानेवारीतही पंखा चारवर असतो. अशा ठिकाणी आमच्या समोरच्या जानकीकाकू परब बारा महिने स्वेटर विणतात. बिल्डिंगमध्ये असं एकही कपाट नाही, ज्यात काकूंचा न घातलेला स्वेटर पडलेला नाही. माझ्याकडे दोन आहेत. डांबरगोळ्यांचा खर्च माझा.

काकू टेप वापरत नाहीत. टेप ही त्यांच्या मते ज्यांना काही येत नाही त्यांची सोय. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते आणि माझ्या गळ्यात दिवसभर टेप लोंबत असते, त्यामुळे हे मत त्या माझ्याकडे बघूनच मांडतात. त्यांची पद्धत अशी : माणसाला पाठमोरं उभं करायचं, मानेपासून कमरेपर्यंत वीत टाकत जायचं, मग खांदे, मग दंड. वॉचमन रतनचं मापसुद्धा असंच घेतलं. तो बिचारा पोलिसांनी धरल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

काकूंचा मुलगा सुशांत बोटीवर असतो. घरात काकू आणि सून मीरा, दोघीच. मीरा अकोल्याची, बौद्ध घरातली. लग्न या दोघांनी ठरवलं. काकू लग्नाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, फक्त जेवल्या नाहीत. उपास होता म्हणे. कुठला, ते कालनिर्णयवाल्यांनाही सांगता आलं नसतं. "आमी तसला काय मानणव नाय," असं त्या अधूनमधून सांगतात. कोणी विचारलेलं नसतं.

मानत नाहीतच. मीराचा कप वेगळा आहे, कारण तिला तोच आवडतो. हे तिला काकूंकडूनच कळलं. स्वयंपाकघरात ती जात नाही, कारण "पोर दमान येता, तिका कशाक चुलीकडे लावूचा?" सुनेला आयतं जेवायला घालणारी सासू म्हणून काकूंचं सगळ्या मजल्यांवर कौतुक आहे. ताट त्या टेबलावर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरकतात. हातात देताना मी अजून पाहिलेलं नाही. आणि मीराचा उल्लेख करताना त्या "सुशांतची बायको" म्हणतात, नाव घेतलं तर जिभेला चटका बसेल अशा बेताने.

मीराचं ऑफिस मरोळला. तिच्या खुर्चीवर एसीचा झोत थेट येतो. डिसेंबरपासून ती खोकत होती. समोरच्या दारातून आम्हाला ऐकू यायचं, तर काकूंना येतच असणार. एके दिवशी काकूंनी डाळिंबी लोकर आणली आणि जाहीर केलं, "सुशांतच्या बायकोक स्वेटर करतंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाक सगळ्यांका दाखवतंय." मला खरंच बरं वाटलं. दाखवायचं होतं ते सोडा, पण विणत तर होत्या.

संक्रांत तोंडावर आली आणि काकू माझ्या दारात. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली आणि लोकर संपली. लोकरीचा अंदाज चुकणं म्हणजे त्यांच्यासाठी भर बाजारात चप्पल तुटणं. मुलुंडच्या दुकानदाराने सांगितलं, तो रंग आता येत नाही. त्याने दिलेला जवळचा रंग ट्यूबलाइटखाली सख्खा वाटत होता, गॅलरीतल्या उन्हात सावत्र निघाला.

"आता काय करू गो, अनुपमा? सगळ्यांका सांगून बसलंय."

मी तो एका बाहीचा स्वेटर अंगात घातला. मी काही शिडशिडीत नाही, तरी तो माझ्यावरही झुलत होता.

"काकू, यात मीरा दोनदा मावेल. माप कुठे घेतलंत?"

काकू खिडकीकडे बघायला लागल्या. "दांडयेर तिचो शर्ट वाळत होतो."

मी गप्प बसायला हवं होतं असं आमचे हे म्हणतात. माझं डोकं फिरलं होतं. "वॉचमनच्या पाठीला हात लागतो, आणि घरातल्या सुनेच्या नाही लागत?"

"तसला काय नाय गो. ती घराकडे असता खय?"

ती रोज सात वाजता घरी असते. तेव्हाही सातच वाजत आले होते. मी स्वेटर काढला आणि काकूंच्या मागोमाग त्यांच्या घरात गेले. कामं पडली होती, पण हे सोडून जाणं शक्य नव्हतं.

मीरा आली. टेबलावरचा स्वेटर तिने उचलला, बाही मोजली, एक. मग अंगाला लावून बघितला आणि हसता हसता खोकली.

"आई, तो शर्ट ओव्हरसाइज होता. फॅशन आहे तशी. मुद्दाम ढगळ घेतात."

"माका काय म्हायत," काकू म्हणाल्या.

"उसवा आणि परत विणा. माझ्या मापाचा केला तर लोकर पुरेल. उरेल पण." तिने पर्स ठेवली, केस पुढे घेतले आणि काकूंकडे पाठ करून उभी राहिली. "घ्या."

काकूंचा हात वर झाला आणि तिथेच राहिला. आयुष्यभर टेपला नावं ठेवणारी ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "अनुपमा, तुझी टेप दी गो जरा."

"तुटली," मी म्हटलं. टेप माझ्या गळ्यात होती.

मीरा हलली नाही. वळून बघितलंही नाही. तिला सगळं ठाऊक होतं, कपाचं, ताटाचं, उपासाचं, आणि तरी ती पाठ देऊन उभी होती. मला तिची भीती वाटली आणि कौतुकही वाटलं.

शेवटी काकूंनी मानेखाली वीत ठेवली. दुसरी टाकली. तिसरीला हात थांबला आणि सगळा पंजा पाठीवर टेकला.

"तुझा आंग तापला आसा गो."

"हो, आई."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

काकूंनी हात काढला नाही. बारीक आवाजात विचारलं, "किती वीत झाले गो, मीरा?"

"मला नाही माहीत, आई."

मग त्यांनी पुन्हा मानेपासून मोजायला सुरुवात केली.